तांब्यात पाणी नव्हतं

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना तांब्या आहे. वय विचाराल तर लातूर जिल्ह्याएवढं. आपली कहाणी सांगणाऱ्या खुर्च्या, छत्र्या आणि घड्याळं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. ती सगळी आपल्या सेवेचं कौतुक सांगतात. माझ्याकडेही थोडंफार कौतुक आहे, ते सांगीनच. पण मी बोलायला बसलो आहे तो एका गोष्टीची लाज मनात मावेनाशी झाली म्हणून.

उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी गंजगोलाईच्या मागे एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. लातूरच्या पितळी भांड्यांना तेव्हा मोठं नाव होतं. माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. रत्नम्मा' असं कोरलं आणि तिच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिलं. नवरा महादेवप्पा. जळकोटकडच्या खेड्यातून येऊन त्याच्या वडिलांनी लातुरात कापडाचं दुकान टाकलं होतं. मी त्यांच्या बैठकीत आलो, डोक्यावर पालथं फुलपात्र घेऊन ऐटीत बसलो. आल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं, असं त्या घराचं वळण होतं. त्यामुळे घरातल्या कुणाहीपेक्षा पाहुण्यांशी माझी ओळख आधी व्हायची.

नव्या जिल्ह्याबरोबर नवी कचेरी आली आणि कचेरीत कारकुनाच्या नोकऱ्या निघाल्या. त्यातली एक रामकिशनला लागली. रामकिशन महादेवप्पाच्या गावचा, त्याच्याच वर्गातला, बौद्धवाड्यातला. नोकरीची ऑर्डर खिशात घेऊन तो मित्राला भेटायला आला, तेव्हा महादेवप्पाची आई सिद्धम्मा दारातच उभी राहिली. तिने मला उचललं आणि पायरीखाली उभ्या रामकिशनच्या ओंजळीत वरून धार धरली. ओंजळ आणि माझी कड यांत चांगलं हातभर अंतर होतं. रामकिशन मान खाली घालून पाणी प्यायला. महादेवप्पाने आतून ते पाहिलं. तो बाहेर आला, आईच्या हातातून मला घेतलं आणि सरळ रामकिशनच्या हातात ठेवलं. "आई, ह्यो आपला माणूस हाय. ह्यो तांब्या ह्यो सोताच्या हातानंच उचलंल," तो म्हणाला. सिद्धम्मा आठ दिवस मुलाशी बोलली नाही. रत्नम्मा, तेव्हाची नवी नवरी, दाराआडून हे बघत होती. मला वाटतं, ती नवऱ्याच्या प्रेमात पडली ती त्या दिवशी.

माझ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच. त्यानंतर चौतीस वर्षं कचेरी सुटली की रामकिशन यायचा, कॉटच्या कडेला बसायचा आणि कुणाला न विचारता मला उचलायचा. घरात फ्रिज आला, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, मी बैठकीतून महादेवप्पाच्या उशापाशी सरकलो. चिंच लावून घासणं आठवड्यावरून महिन्यावर गेलं आणि मी काळवंडलो. पण रामकिशनला मीच लागायचो.

पुढे महादेवप्पाला शुगर निघाली. पेढा गेला, चहातली साखर गेली, आणि त्याच्यासारख्या गोडघाशा माणसाचं तोंड अगदी कडू झालं. तेवढ्यात पुण्याचा मुलगा दिवाळीला डाएट सोड्याचे डबे घेऊन आला. काळं, फसफसणारं पेय, गोड असून साखर नाही. महादेवप्पाला तर लॉटरीच लागली. दिवाळीला एक डबा होता, संक्रांतीला तीन झाले, आणि दोन हजार सोळाचा उन्हाळा येईतो रोजचे सहा.

तो उन्हाळा तुमच्या आईवडिलांना विचारा. नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नव्हतं. लातूरला रेल्वेने पाणी आलं. घराघरात ओसरीवर प्लास्टिकचे ड्रम उभे होते आणि त्यांच्या झाकणांना कुलपं होती. अशा दिवसांत महादेवप्पाने एक नामी युक्तिवाद शोधून काढला. तो रत्नम्माला म्हणायचा, मी घरातलं पाणी पीतच नाही, हे डबे पिऊन तुमचं पाणी वाचवतो. वर दुकानात येणाऱ्यांनाही तो हे ऐकवायचा. दुष्काळात सोडा पिणं म्हणजे समाजसेवाच झाली. रत्नम्मालाही काही दिवस ते पटल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही.

मग त्याची झोप उडाली. छातीत जळजळ सुरू झाली, दुपारी डोकं गरगरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. यात साखर नाही हे खरं, एखादा डबा घेतला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण दिवसाला सहा घेता आणि पाणी जवळजवळ बंद केलंत, त्याचं काय? शिवाय एकदम सोडू नका, डोकं धरेल. आठवड्याला एक डबा कमी करा, त्या जागी पाणी घ्या, असं त्यांनी सांगितलं.

आता मित्रांनो, एवढी सरळ वाट दाखवल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? महादेवप्पाला ती वाट कमीपणाची वाटली. आठवड्याला एक डबा सोडायला मी काय दारुडा आहे का, म्हणाला. घरी येऊन त्याने लिंगायताच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग हातात धरलं आणि रत्नम्मासमोर शपथ घेतली, आजपासून एक थेंब नाही. रत्नम्मा घाबरली. देवाला मधे कशाला घालता, असं ती म्हणत राहिली. शपथ घेऊन झाली होती.

तीन दिवस डोकं ठणकलं. गिऱ्हाइकावर खेकसला, बायकोवर ताट ढकललं. चौथ्या दिवशी बाजारातल्या बसवंतच्या किराणा दुकानातून टॉवेलात गुंडाळून त्याने दोन डबे आणले. प्यायचे कशात? डबा दिसला असता, काचेच्या ग्लासात रंग दिसला असता. त्याची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

ते काळं पेय माझ्या पोटात पडलं तेव्हा मला जे वाटलं, ते सांगायला शब्द नाहीत. पितळेत आंबट ठेवू नये, ते कळकतं, हे लातुरातल्या लेकराला कळतं. महादेवप्पा तर पितळेच्या गावात वाढलेला. तरी तो वरून फुलपात्र पालथं घालायचा आणि आतली फसफस शांत होईपर्यंत मोठ्याने खोकायचा. दुपारभर घोट घोट घ्यायचा. तोंडाला कळकट चव यायची, मळमळायचं, आणि रत्नम्माला तो सांगायचा, टँकरचं पाणी बाधलं. ती बिचारी त्याच्यासाठी वेगळं पाणी उकळून, गाळून ठेवायला लागली. मी बाहेरून काळाच होतो, आतून मात्र त्या आंबटाने चिंचेने घासल्यासारखा लख्ख झालो. आपली आतली चमक बघून लाजणारा तांब्या माझ्याखेरीज दुसरा कुणी नसेल.

वैशाखातली दुपार होती. रामकिशन नुकताच निवृत्त झाला होता आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेला होता. तिथे टँकर दोन दिवस आला नव्हता. चौकशी करायला तो उन्हातून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चालत गेला, तिथून आमच्याकडे आला. ओठांवर पांढरं आलं होतं. रत्नम्मा ड्रमचं कुलूप काढायला वळली, तसा तो म्हणाला, "राहू द्या वैनी, हाय की तांब्यात." आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्याने माझ्याकडे हात केला.

महादेवप्पाचा पंजा माझ्या तोंडावर धाडकन पडला.

"तांब्याला हात लावू नको," तो म्हणाला.

रामकिशनचा हात तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला, एकदा तळव्याकडे पाहिलं आणि हळूच पँटला पुसला. रत्नम्माने धावत जाऊन पेलाभर पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही. तहान गेली म्हणाला, चपला पायात घातल्या आणि परत उन्हात चालू लागला. भरलेला पेला स्टुलावर राहिला.

रत्नम्मा नवऱ्याकडे बघत उभी होती. शेवटी सासूची आठवण काढून म्हणाली, "आत्याबाई गेल्या म्हणून समजत होते मी. घरातच हायत की." महादेवप्पाचा पंजा माझ्यावरच राहिला. खरं बोलायचं म्हणजे फुलपात्र काढायचं, शपथ मोडल्याचं बायकोला सांगायचं. मला जीभ असती तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. एक घोट सोडा लपवण्यासाठी त्याने मित्राला पुन्हा पायरीखाली उभं केलं होतं, आणि मी त्याच्या पंजाखाली गप्प बसलो होतो.

चार दिवस रामकिशन आला नाही. महादेवप्पाने त्या चार दिवसांत मला तोंड लावलं नाही. राहिलेला सोडा माझ्यात तसाच होता, फसफस जिरलेली, वर हिरवट तवंग. संध्याकाळी कचेरी सुटायची वेळ झाली की तो दाराकडे बघायचा. रत्नम्मा जेवायला वाढायची आणि उठून जायची.

पाचव्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला. लिंग तळहातावर घेतलं आणि त्याला पुढचं काही करवेना. मग उठून माझ्याजवळ आला, रत्नम्माला हाक मारली आणि माझ्यावरचं फुलपात्र काढलं. तिने वाकून पाहिलं, वास घेतला. महादेवप्पा मान वर न करता म्हणाला, "शपत चौथ्या दिशीच मोडली. त्येच्यासाठी हात घातला मी तांब्यावर. दुसरं काय न्हवतं गं." रत्नम्मा खाली बसली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग हितं काय सांगून राहिलाव? त्येंना जाऊन सांगा."

त्याने मला तसंच उचललं आणि निघाला. सकाळी सकाळी हातात तांब्या घेऊन भरल्या बाजारातून जाणारा माणूस कुठे निघाला असं लोकांना वाटतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. बसवंतने दुकानातून हसून विचारलंच, आप्पा, घरात संडास असून कुठं निघालाव? महादेवप्पा थांबला नाही. दोन किलोमीटर तो मला दोन्ही हातांनी धरून चालला.

रामकिशनच्या दारात एकच घागर भरलेली होती, वर ओलं फडकं. त्याने महादेवप्पाला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. महादेवप्पाने मला त्याच्या पुढे धरलं.

"हात लाव. आत बघ."

रामकिशनने मला घेतलं. नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं. सगळं ऐकून घेतलं, शपथ, डोकेदुखी, टॉवेलातले डबे. मग म्हणाला, "आप्पा, ह्ये चार दिस मी काय समजलो, ठाव हाय तुला?"

"ठाव हाय."

"त्याच दिशी ठाव हुतं?"

महादेवप्पाला हो म्हणायला वेळ लागला.

"आन तू समजू दिलंस," रामकिशन म्हणाला.

महादेवप्पा पायरीखाली उभाच होता. रामकिशनने माझ्यातलं ते काळं कोपऱ्यात ओतलं. चुलीतली राख घेऊन मला आतबाहेर घासलं, दोन ओंजळी पाण्यात विसळलं. घागरीवरचं फडकं काढून मला भरलं. दोन दिवस वाट बघून मिळालेलं पाणी होतं ते. मग त्याने मला महादेवप्पाच्या हातात दिलं आणि पी म्हणाला. महादेवप्पा ते पाणी प्यायला तेव्हा त्याच्या घशातून आवाज निघत होता. मी इतक्या जवळ होतो म्हणून मला कळलं, तो रडत होता.

रामकिशनने माफ केलं की नाही, ते तो बोलला नाही. निघताना म्हणाला, "सांजच्याला येतो. तुझा तांब्या मी उचलणार. पियाचं ते उघड पी, शपता घेऊ नको."

त्या दिवसापासून डबे फ्रिजमध्ये सगळ्यांना दिसतील असे राहू लागले. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे सहाचे पाच, पुढल्या आठवड्यात चार. डोकं दुखायचं, पण सोसवण्यासारखं. सुटलेल्या प्रत्येक डब्याच्या जागी एक फुलपात्र पाणी, कधी जिऱ्याचं, कधी नुसतं. दोन डब्यांवर येऊन तो महिनाभर अडला. तेही त्याने संध्याकाळी रामकिशनला सांगितलं. आता दुपारी जेवणानंतर काचेच्या ग्लासात एक घेतो, तोही कधी विसरतो. माझ्यात फक्त पाणी असतं.

मित्रांनो, भांड्याची एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्याला घासा, पुसा, आत काय ठेवायचं ते नीट ठेवा. आणि एखादी सवय सुटत नसेल तर सुटत नाही म्हणून सांगा. ती झाकायला आमच्या तोंडावर हात ठेवू नका, कारण तहानलेलं माणूस समोर कधी येऊन बसेल ते सांगता येत नाही.

रत्नम्मा आता मला दर सोमवारी चिंचेने घासते. संध्याकाळ झाली की रामकिशन येतो, कॉटच्या कडेला बसतो, कुणाला न विचारता मला उचलतो. पण तोंडाशी नेण्याआधी तो क्षणभर आत डोकावतो. चौतीस वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं. महादेवप्पा त्या वेळी दुसरीकडे बघतो.