यादीत नसलेलं कीर्तन

खाली सभागृहात बुवांनी पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घातला होता, आणि वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या धोंडुबाईंच्या टीव्हीवर, जिथं हे कीर्तन थेट दिसायला हवं होतं, नुसता काळा पडदा. वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या सगुणाक्कांचा संशय सरळ आश्रमातल्या टीव्हींची जोडणी बघणाऱ्या नेमगोंडावर गेला. परवा मजल्यामजल्यावरच्या टीव्हींना चॅनेल वाटणाऱ्या नेटवर्क स्विचच्या कपाटात डोकं घालून बसला होता तो हाच. शिवाय कीर्तनाला तो कधी टेकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"काय रं, कीर्तनच तेवढं बरं बंद पडतंय? बातम्या लागत्यात की!"

नेमगोंडानं लॅपटॉप उघडला. "आक्का, कुठल्या मजल्याला कुठलं चॅनेल द्यायचं, त्याची यादी स्विचात घातलीया. यादीत न्हाय ते मागितलं तरी स्विच देत न्हाय."

"मग कीर्तन गाळलंस कुणाच्या सांगण्यावरनं?"

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून पुढं धरला. भांडखोर मालिका वर पोचू नयेत म्हणून आक्कांनीच लिहून दिलेली यादी होती ती. बातम्या, शेती, हवामान. घरच्या कीर्तनालाही परवानगी लागेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुमीच मुद्दाम गाळलंय," नेमगोंडा चाचरत म्हणाला. "धोंडुबाईंशी तुमचं वाजलंय म्हणं."

आक्कांचा चेहरा उतरला. "कीर्तन पहिल्या ओळीत लिही," एवढंच म्हणून त्या जिना चढल्या.

पडद्यावर बुवा उभे राहिले, तशा धोंडुबाई म्हणाल्या, "बंद कुणी केलतं गं?"

"मीच," म्हणत आक्का त्यांच्या खाटेवर टेकल्या.