पाय न लावलेला ढीग

मी नारळाची शेंडी बोलतेय. आज मला पाहायला आलात तर ओळखणार नाही, कारण ओळखण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. पण मुळात मी भारी चिवट. पाण्याला भ्यायची नाही, उन्हाला जुमानायची नाही. तुमच्या घरी महिना महिना काळी भांडी माझ्याच जिवावर घासली जातात. हा माझा तोरा आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझं काय झालं ते नीट कळेल.

मी वाढले दूर दक्षिणेतल्या एका बागेत. १९९७ साली ट्रकमध्ये बसून त्र्यंबकला आले, शेखर नावाच्या नारळवाल्याच्या दुकानी. देवाला जाणाऱ्या नारळावर चिमूटभर शेंडी ठेवायची आणि बाकीची ओरबाडून मागच्या अंगणात टाकायची, अशी तिथली रीत. अंगण भरलं की शेखर आम्हाला काडी लावायचा. माझी पाळी जवळ आली होती, तेवढ्यात दुकानात झाडलोट करणारी भागीबाई म्हणाली, "शेखरभाऊ, ही मी नेऊ का?"

"न्या की. पण करणार काय? ही काही कुजत नाही, भागीबाई."

"कुजंल. सगळंच कुजतं."

माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. मला रागच आला. म्हटलं, बघू कोण जिंकतं ते.

भागीबाईचा पाडा डोंगरावर, तासाभराच्या चढणीवर. तिथे नागली, म्हणजे नाचणी, पिकते. पावसाच्या आधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडाच्या फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या राखेत नागलीचं बी टाकायचं आणि रोपं मोठी झाली की उपटून शेतभर लावायची. पण रान दर वर्षी लांब लांब चाललं होतं. फांद्या कमी, म्हणून राब पातळ, म्हणून रोपं मरतुकडी. दिवाळीला घरात येणारी नागली वर्षाला पुरणारी नसायची आणि मग घराला कुलूप. सगळ्यांनी दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचं, ते होळीलाच परतायचं. या ये-जा करण्यात भागीबाईची मुलगी ज्योत्स्ना दुसरीच्या वर्गात दोनदा बसली होती.

"हिची शाळा मला एकदा तरी अख्खं वरीस बघायची हाय," भागीबाई म्हणायची. राबाला फांद्या नाहीत तर दुसरं काहीतरी हवं, म्हणून तिने मला पोत्यात भरून डोक्यावरून वर नेलं. एकदा नाही, जवळजवळ रोज.

तिचा नवरा काळू. त्याने खड्डा खणला, आम्हाला आत कोंबलं आणि वर नाचून नाचून दाबलं. "दाबल्याबिगर कुजत नाय," तो म्हणाला. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला. हवेचं नाव नाही. वर्षभराने मला बाहेर काढलं तेव्हा जरा वास येत होता, एवढंच. मी होते तशीच होते आणि मनात हसत होते.

त्यांनी मला तशीच रोपांच्या वाफ्यात पसरलं. बी उगवलं, बोटभर वाढलं आणि पिवळं पडून तिथेच थांबलं. तेव्हा माझं हसू गेलं. मी कच्ची होते ना. मला कुजवू पाहणाऱ्या जिवाणूंनी मातीतलं होतं नव्हतं ते सत्त्व ओढून घेतलं आणि रोपं उपाशी राहिली. त्यांच्या तोंडचा घास मी काढला. त्या दिवाळीला भागीबाईच्या दाराला कुलूप लागलं ते माझ्यामुळे. याची लाज मला आजही वाटते.

दिंडोरीच्या बागेत सावळीराम नावाचे जुने माळी होते. छाटलेल्या काड्या आणि शेण यांचा त्यांचा एक मोठा ढीग जमिनीच्या वरच असायचा. भागीबाईने त्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"गरम हाय म्हंजी आत काम चालू हाय," सावळीराम म्हणाले. "त्याला दाबू नको. ओलं ठेव, मोकळं ठेव, हलवत राहा. आन् थंड झाल्याबिगर रानात घालू नको."

होळीला परतल्यावर तिने अंगणाच्या कडेला ढीग रचला. माझा एक थर, त्यावर शेणाचा, त्यावर भाताच्या पेंढ्याचा. काळूने सवयीने दाबायला पाय उचलला.

"पाय काढ," त्याची आई कुसाबाई ओट्यावरून म्हणाली. "देवाच्या दारातनं आलीय ती."

"मग शेणात कशी चालती?"

"शेण चालतं. गोमूत चालतं. पाय नाय चालत."

म्हातारीच्या शब्दापुढे कुणाचं काय चालणार? ढिगाला कुणाचा पाय लागला नाही आणि सावळीराम म्हणाले तसा तो मोकळा राहिला. पंधरा दिवसांत मी आतून तापले. आधी माझ्यातला भुसा गेला. पण धागे हटेनात.

पुढच्या दिवाळीला घरची माणसं पुन्हा दिंडोरीला गेली. ढीग हलवायला कुसाबाई एकटी मागे राहिली. पायाने दाबायचं नाही हे तिनेच सांगितलेलं, त्यामुळे उकरायचंही कडेला बसून, हातांनी. दर पंधरा दिवसांनी ती सगळा ढीग या बाजूचा त्या बाजूला करायची, वर गोमूत्र आणि पाणी शिंपडायची. तिच्या बोटांना माझ्या धाग्यांनी चिरा पडल्या. "कूज आता बाई," ती म्हणायची. "नात शाळंत जाऊ दे माझी."

आणि मी ठरवलं. ज्या चिवटपणाने टिकले, त्याच चिवटपणाने मोडायचं. माझ्या अंगावर पांढऱ्या बुरशीचं जाळं चढलं. लाकडासारखा माझा जो कठीण भाग होता, तो बुरशीने तंतू तंतू करून सोडवला. मग अळंब्यांच्या छत्र्या उगवल्या, गेल्या. शेवटी गांडुळं आली. दुखलं का विचाराल, तर हो. पण मागे हटले नाही.

२००० सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. काळूने जमतील तेवढ्या फांद्या आणल्या आणि म्हणाला, "ढीग पण राबात घालून जाळू. मागं पिवळी पडली रोपं. पुन्यांदा नाय."

भागीबाईने त्याचा हात धरला आणि कोपरापर्यंत ढिगात खुपसला. आत गार होतं. त्याने मूठ बाहेर काढली, उघडली, वास घेतला.

"शेंडी कुठंय?"

"हीच."

त्याने अर्धाच वाफा भाजला, उरलेल्या अर्ध्यात मला पसरलं. पाऊस पडल्यावर रोज सकाळी चूळ भरायच्या आधी तो वाफ्यावर जाऊन बसायचा. तीन आठवड्यांत राबाच्या बाजूची रोपं बोटभर झाली. माझ्या बाजूची वीतभर, हिरवीगार.

रोपं उपटायच्या दिवशी सगळे वाफ्यात उतरले. कुसाबाई बांधावरच थांबली. मग वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "आता माती झाली. आता चालंल." तेव्हा कुठे तिने आत पाय ठेवला. एवढ्या दिवसांत मला तिचे हातच माहीत होते.

त्या दिवाळीला पाड्यावरची बरीच माणसं गाठोडी घेऊन निघाली. भागीबाईचं कुलूप खुंटीलाच लटकत राहिलं. कणगीत नागली होती आणि ज्योत्स्ना तिसरीचं पुस्तक मोठ्याने वाचत होती.

तर मी अशी संपले. तुमच्या दारची शेंडी जाळू नका, कच्ची कुठे घालू नका. तिला वेळ द्या, ती ऐकते. मी आता इथेच असते, नागलीच्या मुळांशी. शेतात येणारे जाणारे सगळे मला तुडवून जातात, त्याचं काही नाही. कुसाबाई मात्र बांधावरून उतरताना अजूनही आधी हात लावते आणि मगच पाय.