बोटभर मोठा मोबाईल

हर्षाचं लग्न झालं ते २०२४ चं साल. पाहुणे पांगले, आषाढी पौर्णिमेपासून बुद्धविहारातला तीन महिन्यांचा वर्षावास लागला, आणि रुखमाबाईच्या मोबाईलनं मान टाकली.

मोबाईल मुळात हर्षाचाच, नातीनं वापरून आजीला दिलेला. रुखमाबाई अक्षरं शिकली ती पन्नाशी उलटल्यावर. तेव्हापासून वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा तो तिनंच. पुढं छापील अक्षर दिसेना, तेव्हा हर्षानं सगळा ग्रंथ मोबाईलमध्ये घालून दिला. दोन बोटांनी अक्षर हरभऱ्याएवढं करता येई.

आता मात्र मोबाईल तापायचा आणि अर्ध्या पानावरच काळा पडायचा. सगळे ताटकळत. मग तिची धाकटी जाऊ, पार्बताबाई, पदराआडून आपला नवाकोरा मोबाईल काढी आणि राहिलेलं वाचून टाकी. तो तिच्या पोरानं, राजदीपनं पाठवलेला. बाया म्हणत, "पार्बताबाई वाचते तं गानं आयकल्यावानी वाटते." रुखमाबाई तोवर काळा पडलेला मोबाईल पदरानं पुसत बसे.

तिचा मुलगा नागसेन घुग्घुसच्या खाणीत होता. तो म्हणाला, "माय, नवा घेऊन देतो. याचे दिवस भरले."

"काऊन? बॅटरी बदलून दे. आत्ता नवा घेतला तं लोक म्हनतील, पार्बताचा पाहून घेतला."

"म्हनू दे ना."

"तुले काय जाते म्हनाले! विहारात मले बसा लागते."

बॅटरी बदलली. थोडे दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. एकदा ऐन वाचनात पडदा विझला, तेव्हा पार्बताबाईनं आपला मोबाईल तिच्यापुढं धरला.

"घ्या बाई, याच्यात वाचा. पान काढूनच ठेवलं हाय."

"मले नाई लागत कोनाचा!"

"बरं, मंग मी वाचतो."

त्या दिवसापासून रुखमाबाईचे गुडघे दुखू लागले. विहारात जाणं बंद. पण विहारावर भोंगा होताच. भाजी निवडताना पार्बताचा आवाज घरात येई, आणि रुखमाबाई तिच्या चुका मोजे. चुका फार निघत नसत, त्याचाच जास्त राग.

एका संध्याकाळी आवाज आलाच नाही. पार्बताबाईला छातीत दुखलं म्हणून चंद्रपूरला दवाखान्यात नेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी रुखमाबाईनं नागसेनला सांगितलं, "आन नवा. पन पार्बताच्याहून बोटभर मोठा पायजे." खरं तर आता तुलना करायला समोर कोणी नव्हतं.

मोबाईल आला, तशी ती तो घेऊन एसटीनं चंद्रपूरला गेली. म्हणायला जावेची तब्येत पाहायला. पार्बताबाईनं पडल्यापडल्या तो हातात घेतला, आपल्या मोबाईलवर ठेवून मापून पाहिला.

"माह्याहून मोठा हाय, बाई."

रुखमाबाईला गार वाटलं.

"मंग वाचून दाखवा ना."

रुखमाबाईनं वाचलं. एकाही ओळीला अडखळली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. पार्बताबाई डोळे मिटून ऐकत होती. पान संपलं तशी म्हणाली, "चांगलं वाचलं. पन घाई करता, बाई. कोनी मांगं लागलं हाय का?"

रुखमाबाई पिशवी उचलून तडक निघाली. एसटीत गावापर्यंत तिनं जावेसाठी एक झणझणीत उत्तर जुळवलं. बुधवारी पुन्हा जाऊन ते तोंडावर द्यायचं ठरवलं.

पार्बताबाई ९ ऑक्टोबर २०२४ ला, त्याच बुधवारी पहाटे, चंद्रपूरच्या दवाखान्यात वारली.