उसनी बारी

सलूहाच्या तुकड्याच्या पाटाचं मातीचं दार मोडलं, पाणी आत वळवलं आणि भोकाची कळशी भरून खुंटीला टांगली. आमच्या खजुरीच्या रानात पाणी घड्याळावर वाटत नाहीत, या कळशीवर वाटतात. बुडाच्या भोकातनं थेंब थेंब गळून ती रिकामी झाली की एक माप झालं. सलूहाला सहा मापं, तिच्या शेजारच्या खमीसला नऊ. चाळीस वर्षं मी हेच करतोय. तिजानी पाटकरी म्हटलं की शेंबडं पोरही माझ्या खोपटाकडं बोट दाखवतं.

पाटात पाणी खळाळलं की सलूहाची लेक रबाब पळत येते. चार वर्षांची पोर. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, हात लावला तर चटका बसल्यागत अंग चोरते. पण पाणी आलं की बांधावर पालथी पडते, कान मातीला लावते, आणि तिचे डोळे असे निवतात की बघणाऱ्यानं श्वास हळू सोडावा. सलूहा तेवढ्यात गुणगुणून घेते–

पानी आलं पाटानं गं, आलं हळू पावलानं,
माझ्या लाडीला हाक दिली मातीखालच्या बोलानं.

पाणी तुटलं की रबाब ओरडायला लागते. तास तास, घसा फाटेस्तोवर. आणि पाणी तोडणारा हात माझा.

सलूहा माझ्या थोरल्या भावाची लेक. तिचा नवरा लमीन खजुरीवर चढून घड उतरवतो. गेल्या थंडीत दोघं पोरीला घेऊन गाबेस शहरातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं कागदावर ऑटिझम असा शब्द लिहिला आणि पुढचं सगळं अशा लेकरांच्या संस्थेतली माणसं सांगतील म्हणाला. संस्थेत टेबलामागच्या पोरीनं त्यांना पाणी पाजलं, एक छापील पुस्तक दिलं आणि एकसष्ट नंबर दिला. लेकराला कसं सांभाळायचं ते शिकवणारी बाई राजधानीहून महिन्यातनं एकदा येते, बारी आली की फोन करू, असं सांगितलं.

पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, की सुरुवातीचे महिने फार मोलाचे, ते वाया घालवू नका. सलूहानं ते पान वाचलं आणि पुढचे आठ महिने फोन पदराला बांधून काढले. तेवढ्या काळात कुणी ताईत दिला, कुणी उंटिणीचं दूध सांगितलं. खमीस तर बांधावरनं मला ऐकू जाईल असं म्हणायचा, "पाटकऱ्याच्या घरात पोर मुकी निपजली. कुनाचं तरी माप मारलं आसंल कवातरी."

फोन आला तो तोडणीच्या ऐन भरात. लमीनला झाडावरनं उतरता येईना, म्हणून मी कळशी दुसऱ्याच्या हाती देऊन सलूहाबरोबर निघालो. तीन तास वडापच्या जीपमध्ये रबाब कानांवर हात ठेवून किंचाळत होती. शेवटी पुढं बसलेल्या दोघी मध्येच उतरून गेल्या.

संस्थेच्या ओसरीत आमच्या शेजारी मन्नूबिया भेटली. समुद्रकाठची बाई, ओहोटीला चिखलातनं शिंपल्या उकरणारी. नखांत काळा गाळ तसाच होता. सोबत सात वर्षांची नूर, आणि नूरच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. पोर स्वतःचे हात रक्त येईस्तोवर चावायची. त्यांचा नंबर चौऱ्याहत्तर. त्या दिवशी पासष्टच्या पुढं कुणाला घेणार नव्हते, तरी कुणाला कीव येईल म्हणून ती येऊन बसली होती.

"कामावर जाताना दाव्यानं बांधून जाते मी हिला," ती सलूहाला म्हणाली. "आई हाय मी, आन् बांधते."

सलूहानं त्या फडक्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. "काका, हिचं रान जळाय लागलंय. माझं आजून तग धरंल. दिऊ का बारी?"

आमच्यात ही रोजची गोष्ट. ज्याचं पीक माना टाकतंय त्याला आपलं पाणी द्यायचं आणि त्याच्या बारीला आपण घ्यायचं. उसनी दिलेली बारी बुडाली, असं चाळीस वर्षांत माझ्या पाटावर घडलेलं नाही. मी म्हणालो, "दे पोरी. परत मिळंल. माझी जबान."

एकसष्ट पुकारला तशी मन्नूबिया नूरला घेऊन आत गेली. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा डोळे वाहत होते, पण पाठ ताठ झाली होती.

मग सलूहा टेबलाशी गेली आणि सरळ म्हणाली, आता हिची चौऱ्याहत्तरची बारी माझ्या रबाबच्या नावावर करा.

त्या पोरीला आधी काही कळलंच नाही. कळलं तशी ती खुर्चीत मागं टेकली. "मावशी, नंबर लेकराचा असतो. दुसऱ्याला देता येत नाही. एकसष्ट झाला. ही मुलगीही बघून झाली, तिचा नंबर मी दुसऱ्याला कशी देऊ? मागं सगळे थांबलेत."

"आमच्यात देत्यात," मी म्हणालो.

"मला आधी विचारलं असतं तर मीच अडवलं असतं, काका."

भांडावं तर ती पोरगी वाईट नव्हती. तिचा धाकटा भाऊ असाच आहे म्हणाली. तिच्याजवळ दोन खोल्या, महिन्यातनं एक बाई, आणि सगळ्या मुलखाची पोरं. तिनं रबाबचं नाव पुन्हा लिहून घेतलं, शेवटी. दोनशे बारा. आणि रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून एक पुस्तक दिलं. तेच पुस्तक.

परतीच्या वाटेत सलूहानं ते पुस्तक पिशवीच्या तळाशी कोंबलं. जबान माझी होती, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज तीन आठवड्यांनी, मी पाणी वळवायच्या आधी, मन्नूबिया वडापमधनं उतरली. एका हातात नूर, दुसऱ्या हातात शिंपल्यांची बादली.

"बारी परत द्यायला आले," म्हणाली.

तिला त्या अर्ध्या तासात मिळालेलं सगळं तिनं ओळीनं सांगितलं. कसं गप बसायचं, लेकरू करील तसं कसं करायचं. नूरच्या खांद्यावर वाळूची लांब पिशवी होती, तिच्या वजनानं पोर निवायची; हातांवर खपल्या धरल्या होत्या. रबाबसाठी तिनं तसलीच पिशवी शिवून, समुद्राच्या वाळूनं भरून आणली होती. सलूहानं ती लेकीच्या खांद्यावर अलगद ठेवली.

रबाब इंगळी चावल्यागत किंचाळली. पिशवी फेकून माझ्या खोपटामागं पळाली.

मन्नूबियानं पिशवी उचलून झटकली. "मला येवडंच दिलं गं त्यांनी. माझ्या नूरपुरतंच."

"तू तुज्याकडचं समदं दिलंस बाई," सलूहा म्हणाली आणि बादली उचलून सावलीत ठेवली.

मग मी पाणी वळवलं. रबाब आली, कान लावून निजली. थोड्या वेळानं नूरही तिच्यापासनं हातभर अंतरावर पालथी झाली. सहावी कळशी रिकामी झाली तसा मी उठलो. पलीकडं खमीस फावडं घेऊन पाण्याची वाट बघत उभा. माझा हात दारावर गेला, पण माती ओढवेना.

"ऱ्हाऊ दे," खमीस म्हणाला. "येक कळशी माज्यातली घे."

"उसनी?"

"उसनी कशाला. घे म्हन्लं न्हवं." आणि तो तोंड फिरवून खजुरीकडं बघायला लागला.

मी कळशी भरली, टांगली. सगळेच तिच्याकडं बघत बसलो. थेंब, थेंब.

सलूहा हळूच म्हणाली, "काका, दोनशे बारा म्हंजी किती कळशा?"

उभी हयात मी मोजण्यात घालवली. या मापाला माझ्याजवळ कळशी नव्हती. कळशी अर्धी झाली होती.