कसर

थेल्माने नवी लोकर विकत घेतलेली मी तरी कधी पाहिली नाही. लोकांनी टाकलेले स्वेटर घ्यायचे, उसवायचे, धुऊन वाळवायचे आणि त्यातून इस्पितळातल्या तान्ह्या पोरांसाठी टोपरी विणायची, हा तिचा आणि तिच्या बहिणीचा, आयव्हीचा, जन्माचा उद्योग. "मेंढरं आपल्या दारात आणि लोकर म्हणे चीनमधून, तीही सोन्याच्या भावात!" असं आयव्ही दर हिवाळ्यात म्हणायची. चर्चमागचं जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान म्हणजे दोघींचं माहेर. तिथे गल्ल्यावर मी बसते. सोमवारी नवा माल मांडला की या दोघी दार उघडायच्या आधीच उभ्या. "ग्लेनिस, आज लोकर आहे का गं?" हा पहिला प्रश्न, तब्येतीची चौकशी नंतर.

मग मेलबर्नहून जनीन आली. मोठ्या रस्त्यावर तिने लोकरीचं दुकान थाटलं, पांढऱ्या भिंती, लाकडी फळ्या, सगळं देखणं. आमच्याकडून पिशव्याच्या पिशव्या उचलायची आणि 'गावरान, हातकताईची' अशी चिठ्ठी लावून दहापट भावाने पर्यटकांना विकायची. थेल्मा कुरकुरायची, पण तेवढंच. "घेणारे मूर्ख आहेत, तिला काय बोलणार?"

त्या हिवाळ्यात आयव्ही गेली. थेल्मा स्वतः न्यूमोनियाने पडून होती. त्यांच्या एका भाच्याने घाईघाईने आयव्हीचं घर रिकामं केलं आणि शिवणाटिपणाचं सगळं सामान आमच्या दुकानात आणून टाकलं. त्यात थेल्मासाठी विणायला घेतलेलं हिरवं जाकीट होतं. लोकर आयव्हीने स्वतः कातलेली, एक बाही व्हायची राहिलेली, सुया तशाच अडकवलेल्या. थेल्माला कळलं तेव्हा ती अंथरुणातून उठून आली. जाकिटाची पिशवी केव्हाच जनीनकडे गेली होती.

आम्ही दोघी तिच्या दुकानात गेलो. जनीन गल्ल्याशी बसून जाकीट उसवत होती. एका बाहीचा तुकडा तेवढा उरला होता. त्याचा वळणावळणाचा दोरा सरसर निघत होता आणि ती तो गुंडाळत होती.

"जनीन, थांब," थेल्मा म्हणाली. "ते माझ्या बहिणीचं आहे."

जनीनचा हात थांबला नाही. "अहो, पण मी रीतसर विकत घेतलंय."

"परत दे मला. म्हणशील ती किंमत देते."

"आता काय देणार? बाकीचे गुंडे सकाळीच एका बाईने उचलले. हाही तिलाच पाठवायचाय." दोरा निघतच होता. "आणि अर्धवटच तर होतं ते. तुम्हीही लोकांचे स्वेटर उसवताच की!"

तिने शेवटचा वेढा दिला आणि गुंडा बाजूला ठेवला.

बाहेर आल्यावर थेल्मा म्हणाली, "तिने नुसता हात थांबवला असता ना, तरी मी सोडून दिलं असतं."

पुढच्या आठवड्यात थेल्मा आमच्याकडे मागच्या खोलीत माल निवडायच्या कामाला लागली, फुकट. दुकान बघणाऱ्या मिसेस पॅटनला आनंदच झाला. थेल्मा चांगली लोकर निवडून जनीनसाठी बाजूला ठेवायची आणि ती आली की गोड हसायची. माझा संताप व्हायचा.

"तिच्यासाठी पायघड्या कसल्या घालतेस गं?"

"घालू दे. पायाखाली असल्या की ओढता येतात."

मला वाटलं, आजारपणाने म्हातारीचं डोकं फिरलंय.

उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा कुणाच्या तरी शेतावरच्या बंद खोलीतून तीन पोती हातकताईची लोकर आली. थेल्माने एक पोतं उघडलं, आत हात घातला आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं. लोकरीला कसर लागली होती, आत बारीक अळ्या वळवळत होत्या. असला माल आम्ही सरळ कचऱ्यात टाकतो. पोती दिसेनाशी झाली, तेव्हा मला वाटलं टाकलीच असणार.

सोमवारी त्याच लोकरीच्या लडी, झटकून, विंचरून, स्वच्छ पिशव्यांत आमच्याकडे जनीनसाठी राखलेल्या फळीवर मांडलेल्या होत्या. मी ओळखल्या नाहीत. जनीनचे डोळे चमकले.

"सगळीच घेते. थोडं कमी करा की, धर्मादायच आहे ना?"

"घे बाई," थेल्मा म्हणाली. "तुला अर्ध्या भावात."

नाताळानंतर, ऐन उन्हाळ्यात, जनीनच्या दुकानाच्या काचेवर बारीक, फिकट सोनेरी किडे फडफडायला लागले. मग भिंतीवर टांगलेल्या शाली जाळीदार झाल्या. गिरणीतून आणलेली महागडी लोकर लड उचलली की तुकड्या-तुकड्यांनी हातात यायची. गिऱ्हाइकं माल परत आणायला लागली. तिने औषध फवारलं, तर त्या वासाने उरलेली गिऱ्हाइकंही तुटली. थेल्मा रोज पाव आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायची. काचेपुढे उभी राहून, नातवंडाचं नाटक बघावं तशी कौतुकाने बघायची.

एक दिवस जनीन एक लड हातात घेऊन आमच्या दुकानात आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "ही तुमच्याकडची. हिच्यापासूनच सुरू झालं. तुम्हाला माहीत होतं का?"

"आम्हाला कसं माहीत असणार—" मी बोलायला लागले, तोच मागच्या खोलीतून थेल्मा बाहेर आली.

"मला होतं," ती म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

जनीनने हातातली लड गल्ल्यावर टाकली. "एका बाहीसाठी? माझं सगळं त्या दुकानात होतं हो!"

"माहीत आहे. म्हणून तर."

मिसेस पॅटनने थेल्माला त्याच दुपारी काढून टाकलं. गावातल्या निम्म्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या आणि निम्म्या तिच्या घरी केक घेऊन गेल्या. मी कुठल्या निम्म्यात, ते मलाही अजून धड सांगता येत नाही. जनीनचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि तो न थांबलेला हातही.

ईस्टरच्या सुमारास जनीन गाशा गुंडाळून शहरात परत गेली. उरलेली लोकर तिने पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवली, कुणी न्यावी तर न्यावी. दुसऱ्या दिवशी थेल्मा ती पोती हातगाडीवर घालून माझ्या दारात हजर.

"अगं, त्यात अजून अळ्या असतील!"

"बर्फात ठेवली की मरतात. माझा फ्रीझर छोटा आहे, तुझा मोठा."

मी तिला आत घेतलं. पोत्यात हात घालून ती धड दोरे वेगळे काढायला बसली. निम्मी लोकर तरी वाचणार होती.

"थेल्मा, खरं सांग. तुला वाईट नाही वाटत?"

तिने थोडा विचार केला. "आयव्हीला वाटलं असतं," ती म्हणाली. "ती माझ्यापेक्षा बरी होती. मला नाही वाटत." मग एक निळी लड उजेडात धरून ओढून पाहिली. "ही चांगली आहे. ऊठ, फ्रीझरमधली ती मेंढीची तंगडी बाहेर काढ, भाजून टाकू. जागा लागेल."