लाल शाईतला नंबर

गेल्या तीन महिन्यांत माझं लग्न एक्केचाळीस वेळा जमलं. फोनवर. विचारणारे सगळे अनोळखी, आणि जिच्याशी जमलं तिच्याशी बोलून मला नऊ महिने झाले.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही मला लबाड समजाल. थोडासा आहेच म्हणा.

मी अश्विन वानखडे. अमरावतीत राजापेठेतल्या एका छापखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांची पानं लावतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि दर हिवाळ्यात वेगवेगळ्या समाजांच्या वधू-वर मेळाव्यांच्या परिचय पुस्तिका. पाचशे-सहाशे मुलंमुली, प्रत्येकाला पाव पान. फोटो, उंची, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा, संपर्क. आमच्या मालकांचा एकच कायदा, "प्रूफावर लाल शाईनं जे आलं थे करायचं. आपलं डोकं चालवाचं नाई."

रश्मी ढोले तीन वर्षांपूर्वी एम.एस्सी.चा प्रबंध छापायला आमच्याकडे आली. मोर्शीजवळच्या खेड्यातली, घरी संत्र्याचा बगीचा. चुका काढायला ती समोर खुर्ची टाकून बसायची. गाळायची खूण, बदलायची खूण, सगळ्या मीच तिला शिकवल्या. तिने तो प्रबंध चार वेळा तपासला. दोन वेळा पुरे होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे तिला अकोल्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि माझे रविवार अकोल्याच्या बसमध्ये जाऊ लागले. बस मूर्तिजापूरला थांबली की तिचा फोन यायचा, "कुठवर आला?" अजूनही कुणी मूर्तिजापूरचं नाव घेतलं की माझा हात खिशाकडे जातो.

आम्ही छप्पनपासूनचे बौद्ध, मूळ भातकुलीचे. ते कुणबी. तिच्या आईला, आशाबाईंना, आमचं कळलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. जेवण सोडलं. नवऱ्याला सांगितलं, देवाचा उपास आहे. तिसऱ्या दिवशी रश्मीने मला शेवटचा फोन करून हे सांगितलं आणि आईला शब्द दिला की वर्षभर मला भेटणार नाही, फोन करणार नाही, मेसेजही नाही. वर्षात पोरगी विसरेल, असा आईचा हिशेब असावा. रश्मी शब्दाची इतकी पक्की की चीड यावी, आणि मला ती आलीच. मनातल्या मनात मी तिला फार बोललो आणि तेवढाच झुरलो.

नोव्हेंबरात त्यांच्या समाजाच्या मेळाव्याचं काम आमच्याकडे आलं. गठ्ठ्यात तिचा फॉर्म होता, वडिलांच्या अक्षरात. "अपेक्षा : स्वजातीय, निर्व्यसनी, नोकरी व शेती असलेला." त्यातला निर्व्यसनी तेवढा मी आहे. फोटोत ती निळी साडी नेसून फोटोग्राफरने सांगितलं तसं हसत होती. खाली संपर्काला वडिलांचं नाव, किसनराव, आणि त्यांचा नंबर. मी सगळं जसंच्या तसं लावलं. हात चालत होता, बाकीचा मी जागेवर नव्हतो.

शिक्षणाची नावं वडील मंडळी हमखास चुकवतात, म्हणून प्रूफ मेळाव्याच्या समितीमार्फत मुलामुलींकडेच जातं. तिचं तिसऱ्या दिवशी परत आलं. अपेक्षा तशाच होत्या. दुरुस्ती एकच. वडिलांच्या नंबराला गाळायची खूण, आणि समासात लाल शाईने दहा आकडे. माझे. खाली तिची सही.

ती भेटली नव्हती. तिने फोन केला नव्हता, मेसेजही केला नव्हता. प्रूफ तपासलं होतं फक्त.

मी त्या कागदावर डोकं टेकवून रडलो. मालक म्हणाले, "काय झालं रे?"

"दुरुस्ती हाय."

"मंग कर ना बाप्पा!"

केली.

मेळावा डिसेंबरात अकोल्याला झाला. पुस्तिकांचे गठ्ठे पोचवायला मीच टेम्पोत बसून गेलो. ते काम माझं नव्हतं. गठ्ठे उतरवून मी हॉलच्या शेवटच्या खांबाजवळ उभा राहिलो. एकेक मुलगी स्टेजवर येऊन माइकसमोर आपलं नाव-गाव सांगत होती. ब्याण्णव नंबरच्या पानावरचं तिचं नाव पुकारलं आणि ती आली. वाळली होती. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. सूत्रसंचालकाने विचारलं, "आणि अपेक्षा?"

"पुस्तिकेत नंबर दिला आहे," ती म्हणाली, "तिथं विचारा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ सगळ्यात जोरात वाजवत होते. ते किसनराव, हे मला तिच्या नजरेवरून कळलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. शब्द दिलेला. मी मात्र पोटभर पाहून घेतलं आणि रिकाम्या टेम्पोतून परत आलो.

दोनच दिवसांनी पहिला फोन आला. "नमस्कार जी. थे ब्याण्णव नंबरच्या पानावरची पोट्टी... जमलं का तिचं?"

तोंडातून निघून गेलं, "हो जी, जमलं."

"बरं बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. पुढे पुढे मी अशा फोनची वाटच पाहू लागलो. दर्यापूरचे एक मास्तर म्हणाले, "पोट्टी गुनाची दिसते." मी म्हटलं, "लय गुनाची हाय जी." जगात दुसरीकडे कुठेही मला हे मोठ्याने बोलता येत नव्हतं.

एकदा माझ्या आईने, इंदूबाईने, ऐकलं. "कोनाचं जमलं रे?"

"एका पोरीचं."

"अन् तुहं कवा? परतवाड्याच्या पोरीचा फोटो दोन महिन्यांपासून टीव्हीवर पडून हाय." तिलाही आपल्यातलीच सून हवी होती. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो.

गेल्या गुरुवारी दुपारी पुन्हा एक फोन आला.

"पान ब्याण्णव, रश्मी ढोले. जमलं का तिचं?"

"हो जी, जमलं."

"कोनासंगं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आपन कोन बोलता जी?"

"मी तिचा बाप बोलून राहिलो." मागे बगीच्यातली मोटार चालू होती. "तीन महिने झाले, एक फोन नाई आला. पोट्टी शिकेल, नोकरीवाली, मंग काहून नाई आला? आज चष्मा लावून पुस्तक पायलं. माह्या पोरीच्या नावाखाली हा नंबर कोनाचा?"

छापखान्याची चूक, एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण मग तिची लाल शाईही चूकच ठरली असती.

"काका, मी अश्विन वानखडे."

"कोनते वानखडे?"

वऱ्हाडात आम्हाला हे विचारतातच. वानखडे त्यांच्यातही आहेत, आमच्यातही. नुसतं गाव सांगून गप्प बसलं की पुढचं समोरच्यावर सोडता येतं. मी आयुष्यभर तसंच सोडत आलो होतो.

"भातकुलीचे. आमी बौद्ध. रश्मीचा प्रबंध मी छापला होता."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मंजे तिच्या मायनं तीन दिवस उपास केला, थो देवाचा नव्हता."

मी फोन घेऊन छापखान्याच्या बाहेर आलो.

"नंबर तू घातला?"

"नाई काका. रश्मीनं. सही हाय खाली. कागद माह्यापाशी हाय."

"किती जनाले सांगतलं, जमलं मनून?"

"एक्केचाळीस."

"बापाले न इचारता?" आवाज एवढा चढला की मी फोन कानापासून दूर धरला. "असं जमते का कोनाचं?"

"नाई जमत, काका."

आता फोन कापतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिकडे मोटार बंद झाली.

"पुन्हा कोनाचा फोन आला त जमलं मनू नको."

"बरं."

"बोलनी व्हाची हाय, असं सांग."

आणि फोन बंद झाला.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. "परतवाड्याच्या पोरीत काय कमी होतं?" म्हणून ती भांडली. सकाळी चहा देताना म्हणाली, "बोलनीले मी जाईन. तू तोंड उघडू नको, तुले खोटं बोलाची सवय लागली."

काल बेचाळिसावा फोन आला. चांदूर बाजारचे कुणीतरी. "नमस्कार जी. थ्या पोरीचं जमलं का?"

एक्केचाळीस वेळा खोटं बोलताना जीभ अडखळली नव्हती. खरं बोलायला मात्र मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"नाई जी. बोलनी व्हाची हाय."

"असं का? कवा हाय?"

"मालूम नाई जी," मी म्हटलं. "मी बी फोनचीच वाट पाहून राहिलो."