एक दहाची रेघ

“ताई, परवा मी सुरुंग उडवलाच नाही. कुणाची शपथ घेऊ सांग.”

भाऊ खुर्चीच्या टोकाला अवघडून बसला होता. दगडखाणीत सुरुंग उडवायचं काम त्याचं, रोज दुपारी एक दहाला. आणि भूकंपमापन केंद्रात कागदावरची थरथर वाचून ‘भूकंप’ की ‘स्फोट’ ते वहीत लिहायचं काम ताईचं. परवा खाण बंद होती, तरी नेमकी एक दहाला जमीन हादरली आणि खाणीखालच्या शाळेची भिंत तडकली. चोरून सुरुंग उडवला म्हणून मालकाने भावाला घरी बसवलं. पुरावा काय, तर ताईची वही. तिच्याच टपोऱ्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: स्फोट.

एकतीस वर्षांच्या तिच्या वह्यांत एकही खाडाखोड सापडली नसती. ताईला त्याचा कोण अभिमान. महिन्याभराने ती निवृत्त होणार होती आणि साहेब त्या वह्या नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवणार होते.

“जेवलास का?” तिने विचारलं.

“आधी बघ तरी.”

तिने आसपासच्या तिन्ही केंद्रांचे परवाचे कागद पसरले. सुरुंग जमिनीला चहूकडे बाहेर ढकलतो, म्हणून पहिली रेघ सगळीकडे वर उठते. इथे दोन कागदांवर ती वर होती, तिसऱ्यावर खाली. सुरुंगात दुबळी असते ती मागून येणारी दुसरी लाटही इथे चांगलीच दांडगी. भूकंपच, लहानसा पण अस्सल. शिकाऊ मुलीलाही कळला असता. परवा तिने कागद बघितलाच नव्हता, घड्याळ बघितलं होतं. एक दहा म्हणजे आपला धाकटा, असं धरून तिने शब्द लिहिला आणि डबा उघडला होता.

“चूक माझी रे,” ती म्हणाली.

भावाने वही मिटली. “राहू दे ताई. जाता जाता तुझं नाव खराब व्हायला नको. मी दुसरीकडे बघतो काम.”

ताईने वही परत उघडली. “गप बस. मोठी कोण आहे आपल्यात?”

लाल शाईने तिने ‘स्फोट’वर काट मारली. वर ‘भूकंप’ लिहिलं, सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘कागद न पाहता नोंद केली.’ मग वही घेऊन स्वतःच साहेबांच्या खोलीत गेली.

चौथ्या दिवशी भाऊ कामावर परतला. साहेबांनी नव्या मुलींसाठी कपाटातून दुसऱ्या कुणाच्या तरी वह्या काढल्या.

त्या दुपारी एक दहाला सुई थरथरली. कुणाचा हात आहे ते ताईला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने चष्मा पुसला, तिन्ही कागद मागवले आणि एकेका रेघेवर बोट ठेवलं. वर. वर. वर. मग तिने सावकाश ‘स्फोट’ लिहिलं. डबा तोवर तसाच बंद होता.